न बोचणारी चूक

मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत कोणी कोणावर कधी खेकसत नसे आणि हेमांगी तांडेलला अलीकडे त्याचीच चीड यायची. कपाळाला शांतपट्टी बांधलेले तीसेक शास्त्रज्ञ दिवसभर हसतमुखाने राबत. हेमांगीला पट्टी सोसत नसे, कपाळावर पुरळ उठे. त्यामुळे अख्ख्या इमारतीत ती एकटीच रागीट बाई उरली होती.

संचालक डॉ. सबनीसांच्या खोलीत ती न विचारता शिरली.

"सर, मैथिली आज पुन्हा पडली. मनगट मोडलंय. प्लॅस्टर घालताना पोरगी हसत होती."

"अरेरे. पण खचली नाही ना? बघ, पट्टीने केवढा फरक पडतो."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैथिली तिची बारा वर्षांची लेक, सहा महिने पट्टी बांधून मल्लखांब करत होती.

"सोमवारी ह्या पट्ट्या राज्यातल्या सगळ्या शाळांत जाणार आहेत. ते थांबवा. ती सहा महिने त्याच पकडीवर पडतेय. बगलेची पकड सुटते, खाली येते, हसते आणि पुन्हा तशीच चढते."

"पण रोज चार तास चढते की नाही? आधी तासाभरात रडकुंडीला यायची. प्रतिभा मेहनतीतून घडते, हे तूच सांगायचीस ना? मुलं मेहनत टाळतात, कारण चूक झाली की मेंदूत कळ उठते, जीव चरफडतो. पट्टी ती कळ उठूच देत नाही. मग मूल हवा तेवढा सराव करतं."

"तास म्हणजे मेहनत नव्हे, सर. जीव चरफडतो त्याच क्षणी मेंदू जुनी वाट मोडून नवी घालतो. कळच नाही, तर मोडायचं काय? चाचणीतली मुलं सराव करतायत तो चुकीचाच. हे आलेख बघा. एकाचीही प्रगती नाही. मी तिसऱ्यांदा दाखवतेय हे."

सबनीसांनी आलेख मन लावून पाहिले. "खरंच की. माझं चुकलंच म्हणायचं," ते प्रसन्नपणे म्हणाले. "सोमवारचं उरकलं की बसू आपण."

हेमांगीला आत्ता उलगडलं. इतके दिवस ती ह्या माणसाला कोडगा, मंत्र्यांची हांजी हांजी करणारा समजून मनातल्या मनात शिव्या घालत होती. तो कोडगा नव्हता. त्याला चूक दिसत होती, पटत होती, फक्त बोचत नव्हती. दोन वर्षं ही सगळी शहाणी मंडळी पट्टी बांधूनच पट्टीची चाचणी घेत होती, आणि म्हणून ती चाचणी एकदाही सुधारली नव्हती.

तिने टेबलावरून वाकून त्यांच्या कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली.

सबनीस क्षणभर गोंधळले. मग त्यांची नजर आलेखांवर गेली आणि कानशिलं लाल झाली. "काय करून बसलो मी," ते दात आवळून म्हणाले. त्यांनी कागद ओढला, सोमवारचं वाटप रद्द केल्याचा आदेश लिहिला आणि सही केली.

"हेमांगी, सहन होत नाहीये गं. सवयच राहिली नाही. पाच मिनिटं दे ती पट्टी."

"नाही."

"अगं, सही केली ना मी?"

"पट्टी बांधलीत की ती सही तुम्ही हसत हसत फिरवाल." तिने हातातल्या पट्टीसोबत आदेशही उचलला. "मी आता घरी जाऊन मैथिलीची काढणार आहे. ती रडेल, मला बोल लावेल, आणि मी तिला सांगणार आहे, सोस. ती बारा वर्षांची आहे, सर. तुम्ही साठीचे आहात."