झिजलेल्या पट्ट्यांची सरासरी

आंबा घाटात सुलभाच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला, तेव्हा समोरच्या पडद्यावर 'वाहन निरोगी' अशी हिरवी अक्षरं झळकत होती. पट्टा गेला तसं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि गाडी वळणावरच्या कठड्यावर आदळली. सुलभा वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. चौकशीत ठपका तिच्यावरच आला. स्वनिदान-यंत्रणेनं गाडी निर्दोष ठरवली होती, म्हणजे चूक चालवणारीचीच.

तिच्या थोरल्या बहिणीला, डॉ. कुमुद रणदिवे यांना, हे मान्य नव्हतं. रबर कसं झिजतं याच्या अभ्यासात त्यांची हयात गेली होती. कोल्हापुरात त्यांच्या पोर्चमध्ये तशीच गाडी उभी होती. इथेनॉलवर चालणाऱ्या या गाड्या एकाच योजनेत, एकाच वर्षी जिल्हाभर आल्या होत्या. बॉनेटला निदान-केंद्राची मोहोर, म्हणजे सील, असे. यंत्रणेनं गाडी आजारी ठरवली तरच निदान-केंद्र ती उघडे. कुमुदताईंची गाडी निरोगी होती. फक्त तिच्याखालच्या फरशीवर तेलाचे डाग पडत होते.

कुमुदताईंनी पक्कड घेतली आणि मोहोर तोडली.

सोबत त्यांचे जुने सहकारी इकराम मुजावर होते. इंजिनाच्या आवाजावरून गाडीची तब्येत ठरवणाऱ्या स्वनिदान-यंत्रणेचं मूळ गणित लिहिणाऱ्यांपैकी ते एक.

"डाग तर मागच्या बाजूला आहे," मुजावर वाकून म्हणाले.

"तेल ठिबकतं तिथंच गळतं असं नाही. चालत्या गाडीत वारा ते मागं ढकलतो. आधी इंजिन पुसून काढू, मग जरा चालू ठेवू. सगळ्यात वर जिथं ओल दिसेल, तिथं गळती."

ओल दिसली ती इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली. तिथलं फट बुजवणारं रबरी गॅस्केट वाळून बिस्किटासारखं झालं होतं आणि तेलाचा ओघळ थेट पट्ट्यावर उतरत होता. कुमुदताईंनी इंजिन बंद करून पट्टा पिळून पाहिला. आतल्या खाचांमध्ये आडव्या भेगा होत्या आणि कडा काचेसारख्या चकाकत होत्या.

"सुलभाचाही असाच असणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या यंत्रणेला हे ऐकू कसं येत नाही?"

गॅस्केट आणि पट्टा दोन्ही बदलले. इंजिन सुरू केल्यावर आवाज एकसारखा, मऊ येऊ लागला. आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'वाहन आजारी. रस्त्यावर नेण्यास मनाई.'

मुजावरांनी ती अक्षरं वाचली. मग हळूच म्हणाले, "ऐकू येतं, कुमुदताई. पण निरोगी आवाज कोणता, हे तिला आम्ही शिकवलंच नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांचे आवाज ती ऐकते आणि बहुतेकींचा जो आवाज, तोच प्रमाण मानते. त्याला आम्ही समूहप्रमाण म्हणायचो. गाड्या नव्या होत्या तोवर ते चाललं."

"आणि आता सगळ्या बरोबरच म्हाताऱ्या झाल्या."

"हो. थोड्याथोड्या, रोज. प्रमाणही त्यांच्याबरोबर सरकत गेलं. आता तिच्या लेखी भेगाळलेला पट्टाच धडधाकट."

"आणि अपघात?"

"त्यांची नोंद दुसऱ्या खात्यात. हिला फक्त कान आहेत."

कुमुदताई निदान-केंद्रात गेल्या. केंद्राचे प्रमुख यशोधन घोरपडे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, सोपं आहे. जुना पट्टा परत बसवा, गाडी बरी होईल. मोहोर तोडल्याचंही आम्ही सोडून देऊ."

"जुना पट्टा तुटणार आहे."

"यंत्रणेच्या मते नाही."

"मग यंत्रणेचं मत बदलायला हवं," असं म्हणून कुमुदताई उठल्या.

घरी येऊन त्यांनी मुजावरांना विचारलं, "बंदी घातलेली गाडी जागेवर सुरू ठेवली, तर तिचा आवाज समूहप्रमाणात मोजला जातो का?"

"जातो. बंदी चाकांना आहे, इंजिनाला नाही."

मग सुलभा कुबड्या घेऊन दारोदार हिंडली. तिला पाहिल्यावर लोकांना फारसं समजावून सांगावं लागत नसे. आधी कॉलनीतली बॉनेटं उघडली, मग शेजारच्या पेठेतली, मग गावोगावची. कुमुदताई दाखवत गेल्या: गळती कुठं शोधायची, पट्टा कसा पिळून बघायचा. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी आजारी ठरे. लोक बसनं कामाला जात आणि सकाळी दारात इंजिन सुरू ठेवत. नोटिसा आल्या. कुणी मोहोर परत लावली नाही. एका गाडीवाल्यानं वैतागून विचारलं, "चांगली गाडी दारात ठेवून किती दिवस चालायचं?" सुलभा म्हणाली, "मी चालतेय ना."

अखेर घोरपडे आपल्या गाडीतून, मागे क्रेन घेऊन, कॉलनीत आले. गाड्या जप्त करण्याचा आदेश त्यांनी वाचायला घेतला, तेवढ्यात कुमुदताईंच्या गाडीच्या पडद्यावरची लाल अक्षरं हिरवी झाली. शेजारच्या गाडीची झाली, मग त्यापुढच्या गाडीची. दुरुस्त गाड्या आता बहुसंख्य झाल्या होत्या. त्याच क्षणी घोरपड्यांच्या गाडीत धोक्याची घंटा वाजू लागली. त्याच बनावटीचं इंजिन असलेल्या क्रेनचा पडदाही लाल झाला. केंद्रातून फोन आला: तिथली एकही गाडी हलत नव्हती.

मुजावरांनी टाळी वाजवली. "जिंकलो, कुमुदताई!"

घोरपड्यांचा चेहरा उतरला होता, पण ते पटकन सावरले. "ठीक आहे. तुमच्या गाड्या आता अधिकृतपणे निरोगी. तेव्हा बॉनेटं मिटा, आम्ही मोहोरा लावून घेतो."

"नाही," कुमुदताई म्हणाल्या.

"का? यंत्रणा आता तुमच्याच बाजूनं आहे."

"ती कुणाच्याच बाजूनं नाही. हे सगळे पट्टे आम्ही एकाच सुमारास घातलेत, म्हणजे ते एकाच सुमारास झिजतील. ती तेव्हाही हिरवीच अक्षरं दाखवील." त्यांनी बाह्या सरसावल्या आणि घोरपड्यांच्या गाडीकडे वळल्या. "मुजावर, पक्कड द्या. साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा. यांचं तेलही गळतंय."