उजव्या चाकाचा रविवार

गुरुवारी दुपारी माझी भावजय ट्रेलर घेऊन गॅरेजात आली. जीप तिने स्वतःच चालवत आणली होती. मागचा ट्रेलर साधाच होता, दोन चाकांचा, लोखंडी हौद्याचा, मधमाश्यांच्या पेट्या वाहायचा. खाली उतरून ती एवढंच म्हणाली, की सोमवारपासून पेट्या हलवायच्या आहेत आणि उजवं चाक आवाज करतंय, तेव्हा दोन्हीकडची बेअरिंगं बदलून द्या.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो ट्रेलर माझ्या धाकट्या भावाचा होता.

मधाचा धंदा, म्हणून सगळे त्याला मध्या म्हणायचे. फुलोरा असेल तिथे पेट्या घेऊन फिरायचा. हात कायम सुजलेले आणि तोंड कायम हसरं. "माझ्याकडे चाळीस हजार बायका कामाला आहेत, पण एकीची सुट्टी मागायची टाप नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्ही हसलो नाही तर स्वतःच हसायचा. एक वर्षापूर्वी, धुक्यातल्या सकाळी, त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि तो ट्रेलरच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसून चाक तापलंय का ते हाताने बघत होता. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही.

त्याआधीच्या आठवड्यात तो मला तीनदा म्हणाला होता, की दादा, चाक गुणगुणतंय, जरा बघ ना. आणि मी तिन्ही वेळा म्हणालो होतो, रविवारी बघू. गिऱ्हाइकांच्या गाड्या रांगेत होत्या, आणि घरचं काम कायम शेवटी. तो शुक्रवारी गेला. हे मी कुणाजवळच बोललो नव्हतो, आईजवळही नाही.

तर त्या दुपारी मी उजवं चाक जॅकवर उचललं. बाहेर ढगाळ होतं, शेडमध्ये दिवा लावावा लागला. भावजय दाराशी बाकावर बसली होती. चाक फिरवलं तर आतून घरघर आली, घशात कफ अडकलेल्या माणसासारखी. चाकाच्या मधला हब काढला. ग्रीस जळून काळं झालेलं, बेअरिंगच्या रोलरांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. जुन्या कड्या ठोकून काढल्या, रॉकेलने सगळं धुतलं, नव्या बसवल्या. तळहातावर ग्रीस घेऊन नव्या बेअरिंगांत दाबून दाबून भरलं. नट आवळला, किंचित सैल केला, पिन घातली. चाक फिरवलं. आवाज नाही.

मग डावीकडचं काम केलं. त्यात तासभर गेला असेल. संपल्यावर शेवटचं म्हणून उजवं चाक पुन्हा फिरवून पाहिलं.

घरघर.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा उघडलं, तर हबचा चटका बसला. तासापूर्वी घातलेलं पिवळं ग्रीस काळंठिक्कर पडलं होतं. नव्या रोलरांवर तसेच खड्डे. हजारो मैल चालल्याशिवाय बेअरिंगची अशी दशा होत नाही, आणि हे चाक तर जमिनीला टेकलंही नव्हतं.

मी भावजयीला विचारलं, तू हे फिरवलंस का?

"नाही," ती म्हणाली. "पण मघापासून फिरल्याचा आवाज येतोय... मला वाटलं, तुम्हीच फिरवताय."

त्या मापाचा आणखी एक जोड माझ्याकडे होता. तो घातला. यावेळी मी डावीकडे गेलोच नाही. स्टूल घेऊन चाकासमोर बसलो आणि नजर हलवली नाही. चाक स्थिर होतं, केसभरही हललं नाही. पण थोड्या वेळाने आतून बारीक आवाज यायला लागला. मधमाश्यांच्या बंद पेटीला कान लावला की येतो तसा, एकसारखा. मी हबवर हात ठेवला. तो कोमट होता, आणि माझ्या हाताखाली आणखी तापत होता. जळक्या ग्रीसचा वास आला. त्याच्या मागून मेणाचा आला, धुराचा आला. मध्याच्या शर्टाला यायचा तो वास.

हात काही काढवेना.

तिथेच, तिच्याकडे पाठ करून, मी सगळं सांगून टाकलं. तो तीनदा म्हणाला होता. मी तीनदा टाळलं. हे काम केलं असतं, तर तो त्या सकाळी थांबला नसता.

आवाज चालूच होता.

"मला माहीत आहे, दादा," ती म्हणाली.

त्या शुक्रवारी निघताना तिनेच त्याला म्हटलं होतं, की वाटेत दुसऱ्या कुणाला तरी दाखव. तर तो म्हणाला, छे, दादा रविवारी करणार आहे. दुसऱ्याने हात लावला तर दादाला वाईट वाटेल.

मी विचारलं, "रागावला होता का माझ्यावर?"

"नाही हो. रविवारची वाट बघत होता." मग चाकाकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "अजून बघतोय..."

ट्रेलर तसाच जॅकवर ठेवून तिने जीप सोडवली आणि निघून गेली. तिला भीती वाटली नाही. मला वाटली. पुढचे दोन दिवस मी शेडचं दार उघडलं नाही. आतला आवाज मात्र अंगणापर्यंत येत होता.

रविवारी सकाळी नवी बेअरिंगं घेऊन आत गेलो. दुसरं एकही काम हातात घेतलं नाही. सावकाश, नीट, पहिल्यांदाच शिकतोय तसं सगळं केलं. शेवटी चाकात ढिलाई राहिली का ते बघायला एक हात वर आणि एक खाली धरून चाक ढकललं. तर चाकानेही मला ढकललं. पलीकडून, अगदी हलकं. पलीकडे कुणीच नव्हतं.

मी हात सोडले नाहीत.

"झालं रे," मी म्हणालो. "उशीर झाला... पण झालं."

पलीकडचा जोर गेला. चाक फिरवलं तर कसलाच आवाज न करता फिरत राहिलं, कुठलंही चाक फिरावं त्याहून कितीतरी जास्त वेळ. ते थांबेपर्यंत मी समोर फरशीवर बसून होतो. वर्षभरात रडलो नव्हतो, तो तिथे रडलो.

भावजय संध्याकाळी ट्रेलर घेऊन गेली. ते चाक आजतागायत गप्प आहे.

सोमवारी मी भंगाराचा डबा रिकामा करत होतो. निकामी बेअरिंगांमध्ये एक जोड वेगळा निघाला. ट्रेलरचा नव्हता, मापाने मोठा होता. त्याची रोलर धरून ठेवणारी जाळी तुटली होती आणि दोन रोलरांचा तर चुरा झाला होता. माप ओळखीचं वाटलं. माझ्या स्वतःच्या पिकअपच्या पुढच्या चाकाचं. ती गाडी घेतल्यापासून मी तिची चाकं एकदाही उघडली नव्हती. शनिवारी त्याच गाडीतून आईला घेऊन घाट उतरलो होतो. असली बेअरिंगं घाटाच्या निम्म्यापर्यंतही टिकली नसती.

पिकअप जॅकवर घेतली. दोन दिवस उभी होती ती, तरी हबची टोपी हाताला कोमट लागली. आत बेअरिंगं कोरी होती, ग्रीस ताजं होतं, तळहाताने दाबून भरलेलं. नटात नवी पिन. पिनेची टोकं मी नेहमी उजवीकडे वळवतो. ही डावीकडे वळवलेली होती.

आमच्या घरात डावखुरा एकच होता.