तळ दिसला पाहिजे

अंदमानातल्या त्या गेस्टहाऊसला पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी सगळ्यात आधी पाण्याचं विचारलं. किती दिवसांआड येतं, साठवायला काय आहे, दोघींच्या आंघोळीला पुरेल का. पलीकडची बाई मनापासून हसली. मला रागच आला. पुंडलिकनगरात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे पाहुण्यांना जेवायला बोलवायचं तरी आधी नळाचा दिवस बघतात.

तिचं नाव मोनिका. तिचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला त्या लहानशा बेटावर गेले आणि तिथलेच होऊन राहिले. चार खोल्या, पुढं वाळू, वाळूपुढं समुद्र. खोलीसमोरच्या खडकात एक मोठा खळगा आहे, ओहोटीला पाणी मागं सरलं तरी त्यात राहतं, आणि ते इतकं नितळ असतं की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. वयस्कर पाहुण्यांना ती त्याच्या काठावर खुर्ची टाकून देते. हे सगळं तिनं हिंदीत सांगितलं आणि मी ते स्वयंपाकघरातल्या आईला ओरडून मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "मग हेच धर. तळ दिसला पाहिजे."

सगळा खटाटोप आईसाठीच होता. माझी आई, द्वारकाबाई, मूळची दौलताबादची. एक डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला, दुसऱ्याचा पडदा विरत चाललेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच दाखवून आणा. मी घरी येऊन विचारलं. वाटलं, काशी म्हणेल. ती म्हणाली, समुद्र.

लहानपणी तिच्या वडलांनी, दादांनी, तिला किल्ल्यावर नेऊन लांबचं निळसर धुकं दाखवलं होतं आणि म्हणाले होते, तो बघ समुद्र. थट्टा केली असेल बिचाऱ्यांनी. हिनं ते खरं धरलं, आणि लग्न होईपर्यंत सगळ्यांना सांगत फिरली की आमच्या गावातून समुद्र दिसतो. सासरीही तेच सांगितलं, तेव्हा हसून हसून पोट दुखलं लोकांचं. ते हसू तिच्या मनात राहिलं होतं. कोकणात जाऊ, एका दिवसात पोचू, असं मी म्हणून पाहिलं. टीव्हीवर पाहिलाय तो, गढूळ आहे, टँकरच्या पाण्यावाणी, असं म्हणून तिनं तो विषय संपवला. जिनं सारा जन्म हंड्याचा तळ दिसतोय का हे बघून पाण्याची पारख केली, तिला समुद्रही त्याच मापानं हवा होता.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मापात बसत नाही तो पार्ट मी पास करत नाही, मग मॅनेजर कितीही आदळआपट करो. लग्न केलं नाही, घरात आम्ही दोघीच. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून लोक मला भोळी समजतात.

विमानाची तिकिटं काढली, दोघींना टोप्या घेतल्या. मोनिका येणाऱ्या पाहुण्यांना रोज सकाळी पाण्याची खबर फोनवर बोलून पाठवायची, आज ओहोटी कधी, भरती कधी. आई तो आवाज दोनदोनदा ऐकायची. तिला हिंदी फारसं कळत नाही, पण मागं लाटा ऐकू यायच्या.

आणि निघायच्या आठवड्यातच आईचा उरलेला पडदा सुटला.

तातडीनं ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. तो पडदा दाबून धरतो म्हणे. विमान बंद, कारण वर गेलं की बुडबुडा फुगतो आणि असलेलाही डोळा जातो. शिवाय पुढचे काही दिवस मान सतत खाली. झोपायचं पालथं, बसायचं तरी खाली बघत. डोळा परत येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बुडबुडा विरल्यावर कळेल. रिक्षात आई माझ्या मांडीवर पालथी पडली होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून रडत होते. एवढंसं मागितलं होतं तिनं जन्मात, आणि मी चार महिने कंपनीच्या सुट्ट्यांचा घोळ घालत बसले होते.

मोनिकाला फोन करून सांगितलं. ती एवढंच म्हणाली की खोली राहू दे, आणि माँजींना सकाळची खबर पाठवत राहू ना? मी म्हटलं, पाठव बाई.

आईला आत पालथं पडून गुदमरायला व्हायचं. तेव्हा तिनंच युक्ती काढली. आमचा हौद पोर्चमध्ये आहे, जमिनीखाली, वर लोखंडी झाकण. तिनं झाकण उघडायला लावलं आणि हौदाच्या तोंडाशी बाज टाकून घेतली, अशी की ती बाजेवर पालथी आणि डोकं बाजेबाहेर, थेट पाण्यावर. पाण्याचा गारवा चेहऱ्याला बरा वाटतो म्हणाली. पडू नये म्हणून मी शेजारी पाटावर बसून तिच्या खांद्याला धरून ठेवायचे.

हौदात काठी बुडवायची तिची जुनी सवय. सकाळी काठी घालायची, ओली खूण अंगठ्यानं चाचपायची आणि ठरवायचं, आज धुणं की नुसती भांडी. एक दिवस पडल्या पडल्याच तिनं काठी मागितली, चाचपली आणि म्हणाली, "दीपे, पाणी उतरलं गं वीतभर."

मी मोटार लावली नव्हती. म्हटलं, हौद गळतोय, आली का पंचाईत. कडुबा प्लंबरला बोलावलं. तो येईपर्यंत पाणी पुन्हा वर, पहिल्या खुणेपाशी. नळाचा दिवस अजून लांब होता. कडुबानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू डोळ्याचं ऑपरेशन माझंच झालंय. हौद ठणठणीत आहे ताई, असं सांगून चहा पिऊन गेला.

मी काही सोडणारी नाही. नळाचा व्हॉल्व्ह बंद केला, मोटारीची वायर काढून ठेवली, हौदाच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ मारली. पाणी रेघेखाली गेलं. दुपारी रेघेवर आलं. संध्याकाळी पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त थोडं उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. पाणी चाखून पाहिलं, गोडं. वास घेतला, नेहमीचा ब्लीचिंग पावडरचा.

त्या सकाळी मी रेघेकडे बघत बसले होते आणि आईच्या उशाशी फोन वाजला. मोनिकाची खबर. आज पानी अभी उतर रहा है, आधे घंटे में पूरा उतर जाएगा.

हौदाचं पाणी रेघेखाली सरकत होतं.

मी अर्धा तास बसून राहिले. पाणी सरकायचं थांबलं. आईचा खांदा मी आणखी घट्ट धरला. भीती नव्हती ती. लहानपणी वेरूळला पहिल्यांदा नेलं तेव्हा त्या अख्ख्या कोरलेल्या डोंगरापुढं असंच झालं होतं, की आपण फार लहान आहोत आणि ते बरं आहे.

"दीपे," आई म्हणाली, "तळ दिसतोय."

मी वाकून पाहिलं. काळं पाणी. हौदाचा तळ तिथून कधीच दिसत नाही.

काय दिसतंय, म्हणून विचारलं. ती सांगत गेली, हळूहळू, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशी. पांढरी वाळू. बारके निळे मासे. तळाला काळी वांगी पडलीत, लांबट, देठ नसलेली. आणि एक बाई येते, सावळी, परकर वर खोचलेला, हातात निळी बादली. ती वाकून बघते माझ्याकडं. आज मी तिला हात केला.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बुडबुड्यामुळे पेशंटला डोळ्यात पाण्याची रेघ हललेली दिसते, त्यातून मन चित्रं बनवतं, काळजी करू नका. पटलं मला. पटायलाच हवं होतं. तरी दुपारी मी मोनिकाला सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या खळग्यात वांग्यासारखं काही असतं का. ती म्हणाली, हो, समुद्रकाकडी, एक जीव असतो. काळीकाळी पडलेली असते. तुम्ही फोटोत पाहिली असेल.

तिनं आम्हाला त्या खळग्याचा फोटो कधीच पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईनं मला अंधारातच उठवलं. तिथं उजाडलं असंल, चल, म्हणाली. थंडीचे दिवस, आमच्याकडे तोंड ओळखू येत नव्हतं. तिकडं सूर्य आमच्या कितीतरी आधी येतो हे मला माहीत होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी झाकण सरकवलं, तिला बाजेवर घेतलं, खांद्याला धरलं.

हौद काळाच होता. मी पुन्हापुन्हा पाहिलं. शपथेवर सांगते, काळाच होता.

पण आईच्या चेहऱ्यावर उजेड होता.

खालून येणारा. हलता, पाण्यावरून उठलेल्या उन्हासारखा. तो तिच्या हनुवटीवर, नाकातल्या फुलीवर, पापण्यांवर हलत होता. बाजूला पोर्च अंधारात, माझा हात अंधारात, आणि तिचा चेहरा असा उजळलेला की तिच्या तरुणपणच्या फोटोतही मी तो तसा पाहिला नव्हता.

ती हसत होती.

"केवढा आहे गं," ती म्हणाली. "दादा खरं बोलत होते."

मला राग आला, हेही सांगते. तिला दिसतो आणि मला का नाही? मी तर तिच्याइतकीच वाकले होते.

ती पाण्याकडे हात हलवत राहिली. उजेड विरला तेव्हा आमच्याकडे दूधवाल्याची सायकल वाजली.

बुडबुडा गेला. डॉक्टरांनी तपासलं, लाइट मारला, पुन्हा तपासलं. डोळा गेला होता. उजेड-अंधारसुद्धा कळणार नाही म्हणाले. मी तिथंच रडायला लागले. आई मात्र शांत. घरी येताना उलट मलाच समजावत होती. "रडू नको येड्यावाणी. दिसतंय की मला." मी म्हटलं, हो गं आई. म्हाताऱ्या माणसाशी वाद काय घालायचा? आठवणीतलं दिसत असेल.

त्यानंतर ती हौदाकडे गेली नाही. गरजच नाय म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात बसून लसूण सोलायची. पाणीही रेघेशी थांबलं, कुठल्याही हौदात थांबतं तसं. मी मात्र रोज सकाळी झाकण उघडायचे. कामावर जायच्या आधी, डबा भरून झाला की, वाकून बघायचे. काळं पाणी. झाकण लावायचे आणि कंपनीच्या बसला पळायचे. कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

काल रविवार होता. मोनिकाचा सकाळी फोन आला. खबर पाठवणं तिनं थांबवलं होतं, या वेळी ती थेट बोलत होती. मागं लाटा. तिनं आईचं विचारलं. मी सांगितलं, डोळा राहिला नाही. ती हळहळली. मग म्हणाली, एक विचारू का, रागावू नका.

"दीदी, माँजी हमेशा हाथ हिलाती थीं. आप आती हो, झुकके देखती हो, चली जाती हो. आप क्यों नहीं हिलातीं?"

 

फोन कानाला तसाच धरून पोर्चमध्ये गेले. झाकण सरकवलं. पाणी काळं होतं, वरच्या तारेवरचे माझे कपडेसुद्धा त्यात दिसत नव्हते. मी वाकले आणि हात वर केला. वेड्यासारखा हलवला.

फोनमध्ये नुसत्या लाटा. मग मोनिका हळूच म्हणाली, "हाँ. दिखा."

मला हुंदका आला. तेवढ्यात आतून आईनं विचारलं, मोनिका आहे का गं फोनवर?

"व्हय," मी म्हणाले.

लसूण सोलता सोलता, माझ्याकडे पाठ करून बसलेली ती म्हणाली, "तिला म्हणावं मागं बघ. बादली चालली वाहून."

मी ते तसंच हिंदीत सांगितलं. फोनमध्ये मोनिका पाण्यातून धावल्याचा आवाज आला.