दोन पेन्सिली

ही ऐकीव गोष्ट नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नेरे गावात, कोंडिबामामाच्या घरी. गेल्या दिवाळीनंतरचा रविवार होता. भर दुपार.

मामा कार्टून काढायचा. हाताने, कागदावर. लहानपणी गावातल्या भिंतींवर चुन्याने बैल काढायचा, तो थेट मुंबईच्या स्टुडिओत पोचला. सिनेमाआधी थिएटरात लागायच्या त्या कार्टून जाहिराती... त्याने आयुष्यभर त्याच केल्या.

शेजारच्या टेबलावर त्याचा जोडीदार जयसिंग बसायचा. कार्टूनमध्ये एखादी उडी दाखवायची तर तिचं पहिलं आणि शेवटचं चित्र मामाचं. मधली सगळी जयसिंगची.

नाव मामाचं व्हायचं.

पण जयसिंगचा हात कुठे अडायचा नाही, आणि जीव त्याच्याच चित्रांत असायचा. मामाला ते ठाऊक होतं, आणि तेच सलायचं.

काम सोडून मामा नेऱ्याला परतला होता. जयसिंग वारल्याचा फोन आला तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "आता बघू."

त्याने माळ्यावरचं जुनं, चित्रांचं काचेचं टेबल काढलं. काचेखालचा दिवा लावला. एकट्याने फिल्म करायची. खडकावर उडी मारणारी शेळी.

त्या रविवारी मी मारुंजीहून जेवायला गेले होते. मामा, चंद्रामामी आणि मी ओसरीवर बसलो होतो. घरात चौथं कुणी नव्हतं.

आणि आतून आवाज आला...

खर्र... खर्र...

कागदावर पेन्सिल.

"मामा, आत कोण आहे?"

मामा उठला, दार ढकललं.

आवाज बंद.

खोली रिकामी. काचेखालचा दिवा चालू. सकाळी मामाने दोनच चित्रं काढली होती. आता तिथे गठ्ठा होता.

त्याने कागद बोटांखालून फरफरवले.

शेळी दबकली... अंग आवळलं... उडाली. अगदी जिवंत!

मी दारातच मागे सरकले. मामाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जळफळाट होता.

"मेला तरी माझ्याहून भारी काढतोय!"

त्यानंतर मामा टेबल सोडेना. जेवणही तिथेच. "म्या उठलो की त्यो बसतोय," म्हणायचा. मामीने हातापाया पडून पाहिलं. तो खंगत गेला. एका सकाळी टेबलावर डोकं टेकलेला सापडला... हातात पेन्सिल तशीच.

तेराव्यानंतर मी मामीला न्यायला गेले. ती बंद दाराला टेकून बसली होती.

"ऐक," म्हणाली.

आत... दोन पेन्सिली.

एक थांबली की दुसरी जोरात. शर्यत लागल्यासारखी.

माझ्या तोंडून हाक गेली, "मामा!"

दोन्ही थांबल्या.

बराच वेळ काहीच नाही...

मग एकच सुरू झाली. हलकी. कुठेही न अडखळता.

मामीने पदर तोंडाला लावला. "ही ह्यांची न्हाई गं, मेधा."

आम्ही दार उघडलं नाही. मामी आता मारुंजीत माझ्याकडे असते. दुपारी घर शांत झालं की कान देऊन बसते. मधेच विचारते, "ह्यांची सुरू झाली का गं?"

मी उठून टीव्हीचा आवाज वाढवते...