खंडेनवमीचा टॅब

“पिन कोणालाच सांगायचा नाही. भावाला नाही, वडिलांना नाही, सरपंचाला तर नाहीच नाही. अन् उद्या मी स्वतः येऊन मागितला, तरी नाही!”

तो आवाज अजून जसाच्या तसा माझ्या कानात आहे. नांदुऱ्याच्या ऑफिसात आमचं प्रशिक्षण होतं. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची पाहणी करायला संस्थेनं आम्हा बाराजणींना एकेक टॅब दिला होता. बीटी बियाणं आलं तेव्हा वाटलं होतं, अळीचं नाव संपलं. पण ती परत आली, बोंडाच्या आत शिरून बसू लागली... म्हणून ही पाहणी. आणि ते बारा टॅब सांभाळायचं, कुलूपबंद ठेवायचं काम ज्याच्याकडे, तो हा अनंत. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आता एकेकीनं आपापला पिन सांगा बरं. लक्षात राहिला का पाहू.”

अकराजणींनी भराभर सांगितले. मग माझी पाळी आली.

“नाही सांगणार.”

“काऊन?”

“तुम्हीच सांगितलं ना आत्ता.”

त्यानं मान वर केली. आणि मग हसला. “बारातून एक पास. नाव काय तुमचं?”

“नीरजा. वडनेर भोलजी गावची.”

बाकीच्या खो-खो हसत होत्या. मी मात्र टॅबच्या काळ्या काचेत पाहत होते. काचेत माझे कान लाल झालेले दिसत होते.

त्यानंतर दर शुक्रवारी त्याचा फोन येऊ लागला.

“टॅब पडला-बिडला नाही ना?”

“नाही.”

“कव्हर?”

“जुन्या साडीची पिशवी शिवली आहे त्याला.”

“मग सगळं ठीक आहे तर... मी फोन कशाला केला होता?”

“ते तुम्हीच आठवा.”

पलीकडून नूरजहांबाईंचा आवाज यायचा. त्या त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत, आमच्या नोंदी तपासत. “अनंतभाऊ, बाकीच्या अकरा टॅबची तब्येत काऊन नाही विचारत तुम्ही?” — आणि फोन घाईघाईनं बंद व्हायचा.

माझं काम साधं होतं. शिवारात वीस ठिकाणी कामगंध सापळे टांगलेले, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून घेणारे. रोज सकाळी पूजा आटोपून जायचं, रात्रीतून अडकलेले पतंग मोजायचे, आकडा टॅबमध्ये भरायचा आणि पतंग काढून टाकायचे. सलग तीन दिवस सापळ्यामागे आकडा आठाच्या वर गेला, की ऑफिसातून साऱ्या गावाला फवारणीचा मेसेज जाणार. टॅबमधून आलेलाच आकडा धरत, फोनवर सांगितलेला चालत नसे. उशीर झाला तर अळी बोंडात शिरते. मग कितीही फवारा, औषध आत पोचत नाही.

नवरात्रातल्या पंचमीला टॅबचं नेट गेलं. षष्ठीला आकडा आला नऊ. सप्तमीला अकरा. अष्टमीला चौदा! तिन्ही दिवस टॅबमध्ये अडकलेले, आणि नवरात्रात मी गावाची शीव ओलांडत नाही. घट बसलेला, अखंड दिवा तेवत असतो. मला नियम माहीत होता — पाच दिवस टॅबचा पत्ता लागला नाही, तर तो चोरीला गेला असं धरून आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. मी बोटांवर मोजलं. पंचमी ते दशमी, पाच दिवस. दसऱ्याला सकाळी पहिल्या गाडीनं नांदुरा गाठायचं, असं मनाशी ठरवलं.

नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आईनं पाटावर विळा, खुरपी, फवारणीचा पंप मांडला, आणि माझा टॅबही. “तुहं अवजार तेच हाये ना?” असं म्हणून तिनं तो बंद करायला लावला, त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. खंडेनवमीला पूजलेल्या अवजाराला दिवसभर हात लावायचा नाही, त्यालाही विसावा हवा. माझं तर नैवेद्याची आरती होईपर्यंत मौन.

साडेअकराला फोन वाजला. अनंतचं नाव पाहून मी तो आईपुढे धरला. आईनं स्पीकर लावला.

“नीरजा, टॅब कुठंय?”

“ते बोलत नाही, साहेब. मौन हाये तिचं.”

“काकू, टॅब कुठंय?”

“पूजेत. आज त्याले हात लावत नसते.”

तो हळूच म्हणाला, “काकू, बारा चाळीसला त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. इथून ऑफिसातून थांबवता येत नाही. माझ्या फोनशिवाय दुसऱ्या कुठल्या नेटला तो जुळतही नाही, मीच तसं करून ठेवलंय. मी येतो.”

आज? आज कसं? मी पुन्हा बोटं मोजली... आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे धावले. यंदा पंचमी दोन दिवस होती, आणि नेट गेलं ते पहिल्याच दिवशी! मी तिथी मोजल्या होत्या. टॅबनं तास मोजले होते.

बाराला अंगणात मोटारसायकल थांबली. चपला काढून तो दारात उभा राहिला, घामानं निथळत. पाटाकडे पाहून आधी त्यानं हात जोडले, मगच माझ्याकडे पाहिलं.

“पिन सांगा. मी करतो पटकन.”

मी मान हलवली. नाही.

“अहो, मी मागतोय!”

मी त्याच्याकडे बोट केलं, मग कानाला हात लावला. तो क्षणभर गोंधळला... आणि इतक्या घाईतही हसला. “बरोबर. माझंच शिकवलेलं.”

“पन आज अवजार उचलाचं नसते, बाप्पा!” आई मध्ये आली.

मला बोलता येत नव्हतं. मी पाटापुढे बसले, देवीला नमस्कार केला. मनात म्हटलं — माय, तुझा नियम मोडते आहे, माझ्यासाठी नाही. आणि टॅब उचलून कपाळाला लावला. आईनं त्यावरचं झेंडूचं फूल उचलून देवीपुढे ठेवलं.

टॅब सुरूच होईना. चार्जिंग संपलेलं, आणि चार्जरच्या भोकात ओलं कुंकू बसलेलं. अनंत खिसे चाचपू लागला. तीन पेनं, पण कामाचं एकही नाही. मी वातींच्या डब्यातून घरचा कापूस घेतला, तळहातावर सुईसारखी बारीक वात वळली, आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली... बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात जरा उशिरानंच मागे घेतले.

भोक पुसून त्यानं चार्जर लावला. बारा वाजून एकवीस मिनिटं. काच उजळली. तो पाठ करून उभा राहिला, मी पिन टाकला. त्यानं आपल्या फोनवरचं नेट जोडून दिलं. आकडे सरकू लागले, हळूहळू, मुंगीच्या पावलानं. आईनं नैवेद्याचं ताट तसंच हातात धरलं होतं.

“आरतीले उशीर होते का, काकू?”

“देवी थांबते दहा मिनटं. अळी थांबते का?”

बारा पस्तीसला अनंतच्या फोनवर नूरजहांबाई ओरडल्या, “आले! नऊ, अकरा, चौदा — समदे आले! नीरजा, पोरी, जिंकली वं तू!”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तरी तोंडून शब्द काढला नाही. पहिला शब्द देवीचा. आम्ही तिघांनी आरती म्हटली. त्याचा आवाज चांगलाच बेसूर होता.

आरती संपते न संपते तोच गल्लीत फोन वाजू लागले. एका घरात, मग दुसऱ्या घरात, मग ओळीनं. शेजारचे जानराव काका धावत आले. “नीरजा, फवारणीचा मेसेज आला वं! पन पंप तं पूजेत हाये, आता कसं?”

“उद्या पहाटेच निघा,” आई म्हणाली. “सोनं मागून लुटू. आधी वावर.”

आणि खरंच, दसऱ्याच्या पहाटे सारं गाव पाठीला पंप लावून शिवारात उतरलं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. नवमीला अनंत निघाला, तेव्हा मी फाटकापर्यंत गेले.

“आता बोलता येतं ना?” तो म्हणाला.

“येतं. तुम्ही रोज माझ्यावर नजर ठेवता का?”

“टॅबवर. माझं कामच आहे ते. बारा टॅब असतात समोर. त्यातला एक सकाळी सहालाच हिरवा होतो...”

“आणि पाच दिवस नाही झाला तेव्हा?”

तो मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत राहिला. “तेव्हा कळलं — मी टॅब पाहत नव्हतो.” मग घाईनं म्हणाला, “हे बरोबर नाही. म्हणून येतानाच नूरजहांबाईंना सांगून आलो, नीरजाचा टॅब यापुढे तुम्ही सांभाळा. माझ्याकडे नको. आता मला तुमचं काही दिसणार नाही... तुम्ही स्वतः सांगाल, तेवढंच कळेल.”

माझे कान पुन्हा लाल झाले असणार.

“मग विचारू का, नीरजा?”

“विचारू नका. कळलं मला.” मी पदर सावरला. “उत्तर फोनवर नाही द्यायचं मला. पहिली वेचणी होऊ द्या. त्या दिवशी मी नांदुऱ्याला येईन, आणि समोर उभी राहून सांगेन. वचन.”

“किती दिवस?”

“तिथीनं मोजू, की तासांनी?”

तो इतका मोठ्यानं हसला, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

दिवाळीच्या आधी जानराव काकांनी वावरात दहा बोंडं फोडून पाहिली. दहाच्या दहा पांढरीशुभ्र. अळी एकातही नाही! त्यांनी ती सगळ्यांच्या हातांत फिरवली, लेकराचं तोंड दाखवावं तशी. मग वेचणीचा दिवस आला. सकाळी आम्ही बायका कपाशीच्या पऱ्हाटीत गेलो, झाडांना दही-भाताचा नैवेद्य दाखवून सीतादही केलं, आणि ओटीत पहिला कापूस घेतला. मऊ, कोरडा, उन्हानं कोमट.

वेचणी मध्यावर आली तेव्हा मी ओटी रिकामी केली, हातपाय धुतले आणि आईच्या पाया पडले.

“आत्ताच पडू राह्यली पाया?” आई म्हणाली. “कुठी निघाली?”

“नांदुऱ्याला. त्यांना सांगून ठेवलं होतं, आई.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. केसांत अडकलेला कापसाचा पुंजका काढला आणि पुन्हा वेचायला वाकली.

मी बांधावरून हमरस्त्याकडे चालू लागले. अकराची गाडी अजून यायची होती.