दीड वीत माया

चहा निवायच्या आत सुलोचनाबाईंच्या उजव्या हाताची सफाई उरकली. मिरजेच्या केंद्रातल्या मुलीने खांद्याखालची झडप उघडून काडेपेटीएवढा खण बाहेर काढला, ताटातला धुतलेला दुसरा बसवला आणि म्हणाली, "मूठ मिटा, काकू." मूठ मिटली. समोर बसलेले भालचंद्र रेळेकर कौतुकाने बघत होते, कारण या खणात थोडी अक्कल त्यांचीही होती.

सहा वर्षांपूर्वी आजारात सुलोचनाबाईंचा हात लुळा पडला, तेव्हा त्यात काचमज्जा घातली होती. म्हणजे मेंदूचा निरोप उजेडाच्या रूपाने बोटांपर्यंत नेणारे, केसाहून बारीक काचेचे तंतू. पण एक तंतू बिघडला की मानेपासून कोपरापर्यंत हात उघडायचा आणि गुंत्यात तो शोधत बसायचे. तीनदा असे झाल्यावर रेळेकरांमधला शिंपी गप्प बसेना. केंद्राच्या अभियंता मृणाल तेरदाळे यांना त्यांनी सुनावले, "ताई, आम्ही साध्या पोलक्याच्या शिवणीतसुद्धा माया ठेवतो. उद्या उसवायची वेळ आली तर कापड पुरायला नको? तुम्ही माणसाचा हात शिवता आणि माया ठेवत नाही?"

मृणालने ते मनावर घेतले. तिने तंतूंच्या सहा जुड्या केल्या, प्रत्येक जुडी एकेका खणातून नेली आणि खणात दीड वीत जादा तंतू वेटोळे घालून ठेवला. बिघडलेला खण काढावा, दुसरा लावावा. सगळे एका मापाचे, कुणाचाही कुणाला चालणारे. 'खण' हे नाव रेळेकरांचेच. कपाटाचा असो की चोळीचा, शिंप्याला खण जवळचा.

त्या दुपारी जेवून रेळेकर चटईवर आडवे झाले. शेजारी सुलोचनाबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बोलता बोलता त्यांचा उजवा हात उचलला गेला आणि नवऱ्याची पाठ थोपटू लागला, हळूहळू, एका लयीत. रेळेकर श्वास रोखून पडून राहिले. बेचाळीस वर्षांत बायकोने त्यांची आजारपणे काढली होती, चारचौघांत ती त्यांची बाजू घेऊन भांडली होती. पण थोपटणे तिच्या स्वभावात नव्हते आणि थोपटायला घरात मूलही झाले नव्हते. काही वेगळे जाणवल्यास कळवा, असा कागद केंद्राने दिला होता. तो रेळेकरांनी गादीखाली सरकवला. दुधात साखर पडली म्हणून तक्रार करण्याइतके ते खुळे नव्हते.

अठराव्या दिवशी मृणाल स्वतःच घरी आली.

"काका, काकूंच्या हाताला काही नवी सवय लागली का?"

"छे. उत्तम आहे हात."

"त्या दिवशी जयसिंगपूरच्या एका बाईंचीही सफाई होती," मृणाल म्हणाली. "दोन वर्षांचा मुलगा आहे त्यांना. तेव्हापासून त्या थोपटतात, पण ते पोर झोपत नाही. हा आईचा हात नाही, म्हणतं. ताटात खण अदलाबदल झाले. आम्हाला वाटायचं, काय फरक पडतो."

"काचेला काय कळतंय?"

"उजेड रोज एकाच वाटेनं गेला की काचेत किंचित खूण उमटते. गवतातून पायवाट पडते तशी. सरळ तंतूत ती टिकत नाही. पण वेटोळ्यात उजेड फिरत राहतो आणि सवय तिथं मुरते. तुमच्या मायेत, काका."

रेळेकर बोलले तर त्यांची दुपार जाणार होती आणि न बोलले तर एका पोराची झोप. त्यांनी गादीखालचा कागद काढून मृणालच्या हातात दिला. "ताई, तो खण आमच्याकडं आहे."

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला," स्वयंपाकघराच्या दारातून सुलोचनाबाई म्हणाल्या. "ह्यांना बरं वाटत होतं, म्हणून चालू दिलं."

दुसऱ्या दिवशी खण ज्याचे त्याला गेले. जयसिंगपूरचे पोर झोपल्याचा निरोपही आला.

त्यानंतरच्या दुपारी रेळेकर कसलीही आशा न ठेवता चटईवर पडले. थोड्या वेळाने सुलोचनाबाईंचा हात उचलला गेला, पण तो नवऱ्याच्या पाठीवर आला नाही. दोघांच्या मधल्या रिकाम्या चटईवर तो थोपटू लागला. रेळेकर लाजत तिकडे सरकले. हात थांबला, बाजूला झाला आणि पुन्हा रिकाम्या जागी थोपटू लागला.

"हाताला तुमची पाठ मोठी लागते हो," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मागचा परका होता, मी नुसती बघत होते. हा माझाच आहे. अठरा दिवस त्या पोराला थोपटून आलाय."

रेळेकर घाबरले. त्यांनी मृणालला फोन लावला. खण जरासा तापवला की सगळ्या खुणा पुसल्या जातील, दहा मिनिटांचे काम आहे, असे तिने सांगितले. त्यांनी ते बायकोला सांगताच तिने डाव्या हाताने खांद्याखालची झडप घट्ट झाकली.

"नको. त्याचं नाव काय, तेवढं विचारा."

"नाव सांगायची परवानगी नाही, काका," मृणाल पलीकडून म्हणाली.

रेळेकरांनी फोन ठेवला. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि हात थोपटतच होता.

"श्रीरंग," ते म्हणाले. लग्नानंतर कितीतरी वर्षे त्यांनी हे नाव आपल्या होणाऱ्या मुलासाठी मनात धरून ठेवले होते, आणि आजवर ते कुणालाच सांगितले नव्हते.