जांभळा डाग

इनक्युबेटरमधून नळ्यांचा स्टँड काढून मी गर्रकन वळले, ती थेट त्याच्यावर आदळले. नळ्या वाचल्या. माझी लाज तेवढी वाचली नाही.

त्याला सगळे आचारी म्हणायचे, कारण प्रयोगशाळेतल्या जंतूंचं जेवण तोच शिजवायचा. त्या दिवसापासून त्याचं माझ्या टेबलाशी काहीतरी काम निघू लागलं. कधी काड्यापेटी द्यायला, कधी नुसतंच... हसून जायला. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

पण मी इथे तात्पुरती होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी दिलेला अनोळखी जंतू आज दुपारपर्यंत ओळखला तर नोकरी कायम, नाहीतर सामान बांधून गावी परत.

नळ्या सरळ बोलत होत्या. इंडोल चाचणीत लाल कडं आलं, मिथिल रेडची नळी लाल झाली, सायट्रेटची हिरवीच राहिली. म्हणजे जंतू ई. कोलाय. उरली होती ऑक्सिडेज चाचणी. तारेच्या टोकावर ठिपकाभर जंतू घेऊन चाचणीच्या रसायनात भिजवलेल्या कागदावर घासले, आणि डाग जांभळा झाला. ई. कोलायचा तो कधीच होत नाही. पुन्हा केलं... पुन्हा जांभळा.

आचारी समोर येऊन उभा राहिला. मदत करायला बाईंची सक्त मनाई होती.

"विचारायला तर मनाई नाही ना?" तो हळूच म्हणाला. "कशानं घासलंत?"

मी हातातल्या तारेकडे पाहिलं. नायक्रोम या मिश्रधातूची होती. तिच्यातल्या लोखंडानंच कागद रंगवला होता, आणि मी बिचाऱ्या जंतूवर संशय घेत बसले होते. लाकडी काडी घेतली, घासलं, दहापर्यंत मोजलं. कागद पांढराच राहिला.

बाईंनी वही पाहून "ठीक" म्हटलं आणि सही केली. त्यांच्याकडून एवढं मिळणंही खूप होतं. मी धावतच आचाऱ्याच्या खोलीत गेले आणि सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला. सकाळपासून दोनदा जंतूंच्या जेवणाचं अगार उतू गेल्याचं त्यानं कबूल केलं.

"परीक्षा माझी, आणि घाम तुम्हाला?"

"तुमच्या गावाला रविवारी सातची बस असते," तो खाली बघत म्हणाला. "चौकशी करून ठेवली होती... दर रविवारी आलो असतो."

मला इतकं हलकं वाटलं की हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग या रविवारी जाऊ की," मी म्हणाले. "आईला कळवते, दोघं येतोय म्हणून."